ट्यूबाने काय वाजवावे?

वाद्यांच्या राज्यात ट्यूबाचे स्थान आजवर हमालाचे राहिले आहे. लग्नाच्या वरातीत सर्वांत मोठे दिसणारे आणि सर्वांत कमी ऐकले जाणारे वाद्य ते हेच. ट्रम्पेट गाते, क्लॅरिनेट लाडिकपणा करते, युफोनियम मधूनच एखादी तान घेऊन जाते. आणि या सर्वांच्या पायाखाली ट्यूबा आपले दोन स्वर, एकदा षड्ज आणि एकदा पंचम, इमानेइतबारे टाकीत चालतो. त्याचे तोंड एवढे रुंद, की बघ्यांना त्याचे कौतुक वाटते ते त्यात मावणाऱ्या अक्षतांचे. 1835 साली प्रशियात व्हिल्हेल्म व्हीप्रेख्ट आणि योहान मोरिट्झ या दोघांनी या वाद्याचे पेटंट घेतले, तेव्हाही त्यांच्या मनात लष्करी बँडचा खर्ज भक्कम करावा एवढाच हेतू होता. एकट्याने उभे राहून काही सांगावे अशी अपेक्षा त्याच्याकडून कोणी केली नव्हती.

ही अपेक्षा एका तरुणाने आमच्यासमोर बोलून दाखविली, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला. सिकंदराबादच्या रेल्वे वसाहतीत वाढलेला हा मुलगा मूळचा सासष्टीचा. वडील रेल्वेत नोकरीला होते; संध्याकाळी ते बँडमध्ये बास वाजवीत, कधी इन्स्टिट्यूटमधल्या नाचाला, कधी लग्नांना. तेच वाद्य आता मुलाच्या मांडीवर आले आहे. एका साहित्यप्रेमी मंडळाने त्याला आपल्या बैठकीत अर्धा तास एकट्याने वाजविण्यास बोलाविले. अट एवढीच, की जे वाजवील त्याचा साहित्याशी काही संबंध असावा. तो आमच्याकडे आला तो कायद्याचा सल्ला विचारायला आल्यासारखाच, हातात कोरा कागद घेऊन. ‘‘अंकल, तुम्ही पुस्तके वाचता. मला चार नावे सांगा.’’

आम्ही नाव सांगितले, आणि ते चुकीचे सांगितले. पितळी वाद्य म्हटले की मराठी वाचकाच्या मनात जी कविता प्रथम उभी राहते, तीच आमच्याही मनात उभी राहिली: केशवसुतांची 1893 सालची ‘तुतारी’. आमच्याजवळ युक्तिवादही तयार होता. ‘ट्यूबा’ हा शब्द मूळ लॅटिन. रोमन सैन्यात या नावाचे जे वाद्य होते, ते सरळ नळीचे, ब्राँझचे रणवाद्य होते. म्हणजे भाषांतर करावयाचे झाले तर ‘ट्यूबा’ म्हणजे तुतारीच! तेराव्या शतकातील त्या प्रसिद्ध लॅटिन स्तोत्रात न्यायाच्या दिवशी जी तुतारी मृतांना उठविते, तिलाही हाच शब्द आहे, आणि मोझार्टने आपल्या 1791 सालच्या ‘रेक्विएम’मध्ये त्या कडव्याला सुरुवातीचे एकल वादन दिले ते ट्रोंबोनचे. इतकी वंशावळ हाती लागल्यावर कोणता वकील गप्प बसेल? मुलाने आमच्या सांगण्यावरून त्या कवितेच्या आवेशाची एक चाल बसविली आणि एका संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात वाजवून दाखविली.

ती ऐकताना आम्हांला आमची चूक पुरती कळली. तुतारीचे सामर्थ्य उंचीत आहे. ती गर्दीच्या डोक्यावरून जाते, आणि ‘मी’ म्हणणाऱ्या एकाच माणसाने ती फुंकलेली असते. केशवसुतांचा सगळा आवेशही तसाच आहे: जुन्याला जाळू पाहणाऱ्या, पुढे धावणाऱ्या एकट्याचा. ट्यूबाच्या आवाजाला धार नसते. तो कोठून येतो हे नेमके सांगता येत नाही. तो समोरून कानावर आदळत नाही, जमिनीतून वर चढतो. त्याच्याकडून ललकारी मागणे म्हणजे वृद्ध आजोबांना शाळेच्या स्नेहसंमेलनात झेंडा घेऊन पळविण्यासारखे आहे. नाव एक असले तरी इसम एकच असतो असे नाही, हे न्यायालयात रोज शिकणाऱ्या माणसाने विसरावे, याची आम्हांला लाजही वाटली.

तेव्हा प्रश्न आम्ही पुन्हा मुळापासून विचारला. साहित्यातून वाद्यसंगीत जन्मते म्हणजे नेमके काय होते? पाश्चात्त्य संगीतकारांनी या जड वाद्याच्या बाबतीत काय केले ते प्रथम पाहिले पाहिजे. वाग्नरने गटेच्या ‘फाउस्ट’वरून एक ओव्हर्चर लिहिले आणि 1855 साली ते सुधारले, त्याचा आरंभ ट्यूबा आणि डबल बास यांच्या संथ, दबक्या स्वरांनी होतो. सर्व विद्या पदरी असूनही हाती काही न लागलेल्या वृद्धाची अभ्यासिका त्या दोनचार स्वरांत उभी राहते. याच वाग्नरने पुढे ‘सीगफ्रीड’मध्ये गुहेतल्या फाफ्नर नागासाठी हेच वाद्य वापरले. रिचर्ड श्ट्राउसने 1897 साली ‘दोन किखोते’ लिहिला, तेव्हा स्वप्नाळू सरदाराला चेलो दिला. सांचो पांझा पहिल्यांदा येतो तो मात्र बास क्लॅरिनेट आणि टेनर ट्यूबा यांच्या जोडीवर बसून. पुढे त्याची बडबड व्हायोलावर जाते, आणि ट्यूबा पुन्हा मागच्या रांगेत.

या उदाहरणांतून एक गोष्ट वाचकांच्या लक्षात येईल. वृद्ध, राक्षसी सर्प, जाडा नोकर: साहित्याने ट्यूबाला दिलेली पात्रे ही अशी आहेत. यांत ‘फाउस्ट’चा अपवाद सोडला तर सर्वत्र वाद्याच्या अंगकाठीवरून पात्र ठरविले आहे. आपल्याकडील रंगभूमीवरही जाड्या नटाला विनोदी भूमिका मिळत असे, त्यातलाच हा प्रकार. 1945 साली अमेरिकेत पॉल ट्रिप यांनी कथा लिहून आणि जॉर्ज क्लाइनझिंगर यांनी संगीत देऊन ‘टबी द ट्यूबा’ ही मुलांसाठी रचना केली. त्यात बिचारा टबी वाद्यवृंदात बसून कंटाळतो, आपल्यालाही एखादी सुरेल चाल वाजवावयास मिळावी म्हणून झुरतो, आणि शेवटी नदीकाठचा एक बेडूक त्याला ती शिकवितो. मुलांची गोष्ट म्हणून ती गोड आहे. पण या वाद्याची दुःखद कैफियत इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आणि ती मांडणाराही शेवटी त्याला बेडकाच्याच शाळेत घालतो, हेही ध्यानात घ्यावे.

बरे, ‘फाउस्ट’ची सुरुवात घेऊन अर्धा तास वाजविता येत नाही, तो वाद्यवृंदाचा अंश आहे. एकल वादनासाठी ज्या रचना आज मिळतात, त्यांत साहित्यिक नावाच्या रचना पुष्कळ आहेत. नाव मोठे, खाली पियानोची साथ, आणि वर एक टीप की ही रचना अमुक कादंबरीवरून स्फुरली. आम्ही त्या मुलाबरोबर बसून अशा काही ऐकल्या. नाव झाकून ऐकल्या तर त्या कोणत्याही कादंबरीवरून, किंवा कोणत्याच कादंबरीवरून नव्हे, असे सहज म्हणता आले असते. साक्षीपुराव्याच्या कायद्याचे नाव 1 जुलै 2024 पासून बदलले, परंतु ऐकीव पुराव्याची किंमत काही वाढली नाही. रचनेच्या मथळ्यातून आलेले साहित्य हा असाच ऐकीव पुरावा होय: साक्षीदार स्वतः काही पाहिले असे म्हणत नाही, कोणी सांगितले तेवढे सांगतो. तो ग्राह्य धरू नये असे आमचे मत झाले आणि कागदावरची बरीच नावे खोडली गेली.

या खोडाखोडीतून एक रचना वाचली, पण ती ट्यूबासाठी नाही. हिंडेमिथने 1943 साली आल्टहॉर्न आणि पियानो यांच्यासाठी सोनाटा लिहिला. त्यात शेवटच्या भागाआधी वादक वाद्य खाली ठेवतात आणि जुन्या टपालगाडीच्या शिंगावरची एक छोटी कविता एकमेकांना म्हणून दाखवितात. मग वाजवू लागतात. कविता संगीतात विरघळविण्याचा आव येथे नाही. ती ती आहे, संगीत संगीत आहे, आणि दोघांची खुर्ची शेजारी आहे. हा प्रामाणिकपणा आम्हांला फार आवडला. त्याच हिंडेमिथने 1955 साली बास ट्यूबासाठीही सोनाटा लिहिला. त्यात कविता नाही.

आणि व्हॉन विल्यम्स. या माणसाने व्हिटमनच्या कवितेवर अख्खी सिंफनी लिहिली, हाउसमनची गीते बांधली. साहित्य त्याच्या हाडीमाशी होते. एक्क्याऐंशी वर्षांच्या वयात, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या सुवर्णमहोत्सवासाठी, त्याने ट्यूबाचा कंचेर्टो लिहिला. 13 जून 1954 रोजी फिलिप कॅटेलिनेट यांनी तो बार्बिरोलींच्या दिग्दर्शनाखाली प्रथम वाजविला. या वाद्यासाठी लिहिताना त्याने कोणत्याही पुस्तकाचा आधार घेतला नाही. मधल्या भागाला ‘रोमान्झा’ एवढेच नाव दिले. आणि या रोमान्झाइतके ‘बोलणारे’ संगीत ट्यूबासाठी लिहिलेले आम्ही ऐकलेले नाही. चेलोवर, बसूनवरही तो वाजवितात, पण तेथे तो सुंदर होतो एवढेच. ट्यूबावर त्यात आणखी काही येते: न बोलण्याची सवय लागलेला माणूस बोलू लागला म्हणजे त्याच्या वाक्यात जी एक सावधगिरी असते, ती. साहित्य पचविलेल्या रचनाकाराला ते दाखविण्याची गरज वाटत नाही, हाच त्याचा साहित्यिक गुण म्हणावा काय? मंडळाची अट मात्र यात बसत नव्हती. ‘‘रोमान्झा वाजव, अट आम्ही बघून घेऊ,’’ असे आम्ही त्या मुलास सांगितले. वकिलाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

आता आपल्या घराकडे वळू. शब्दांतून जन्मलेले संगीत शब्दांवाचून वाजविणे ही गोष्ट महाराष्ट्र-गोव्यात काही नवी नाही. 1880 साली किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, आणि त्यानंतर दोन पिढ्यांत नाटकाची पदे नटाच्या तोंडून हार्मोनियमवर उतरली. ज्या गोविंदराव टेंब्यांनी 1911 च्या ‘मानापमाना’ला चाली दिल्या, तेच पेटीचे थोर एकल वादक होते. पुढे पी. मधुकर, आणि त्यांचे शिष्य बोरीचे तुळशीदास बोरकर (1934–2018) यांनी नाट्यपद पेटीवर असे वाजविले की शब्दांची उणीव भासू नये. पण येथे एक फसवणूक होते आणि ती गोड असल्यामुळे कोणी तक्रार करीत नाही. पेटीवर पद सुरू झाले की श्रोता मनातल्या मनात शब्द म्हणू लागतो. अर्धे गायन वादक करतो, अर्धे श्रोत्याची स्मृती. ‘गीतरामायणा’च्या बाबतीत तर हे टोकाला जाते. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडक्यांची ती छप्पन्न गीते आठवड्याला एक अशी सुरू झाली, आणि आज कोणत्याही वाद्यावर पहिली ओळ छेडली की सभागृह ओठ हलवू लागते.

आमच्या दिवाणखान्यातील त्या संध्याकाळी मुलाने ‘तुतारी’पाठोपाठ ‘गीतरामायणा’तले एक गीत वाजविले होते. आमच्या घरची मंडळी गहिवरली. पण त्या दिवशी आमचे एक ज्येष्ठ सहव्यवसायी बंधूही आले होते: मातृभाषा तेलुगू, शिक्षण उर्दूतले, गाण्याचे कान तयार. ते शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, ‘‘चाल चांगली आहे. पण तुम्ही सगळे ज्यावर डोलत होता ते मला काही ऐकू आले नाही.’’

हे वाक्य आम्ही विसरू शकलो नाही. हैदराबादेत राहण्याचा हा एक लाभ आहे, आणि पुण्यामुंबईच्या मित्रांना तो नाही. 1931 साली केतकरांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्यसंमेलन भरले. 1956 पर्यंत मराठवाडा याच राज्याचा भाग होता. विवेकवर्धिनीसारखी संस्था 1907 पासून येथे उभी आहे. तरीसुद्धा येथल्या कोणत्याही सभेत शेजारच्या खुर्चीवर आपली भाषा न जाणणारा पण आपल्याइतकाच जाणता मनुष्य बसलेला असतो. आपल्या स्मृतीने भरून काढलेली जागा त्याला रिकामी दिसते. शब्दांतून जन्मलेले संगीत शब्द न जाणणाऱ्यापाशी कितपत पोचते, ही कसोटी घरच्या श्रोत्यांसमोर लावताच येत नाही. ‘गीतरामायण’ आम्ही यादीतून काढले. घरात त्याबद्दल थोडा काळ अबोला होता.

त्याच संध्याकाळी आमच्या त्या स्नेह्यांना हलविले ते तिसऱ्या वस्तूने. मुलाने शेवटी, काहीसे संकोचून, एक मांडो वाजविला होता. मांडो ही गोव्याच्या ख्रिस्ती घरांतली, विशेषतः सासष्टीतली, एकोणिसाव्या शतकातील निर्मिती. चाल आणि शब्द बहुधा एकाच हातचे, संथ सहा मात्रांचा ठेका, विषय प्रेम आणि ताटातूट. तोर्काटो दि फिगेरेदु यांच्यासारख्या रचनाकारांना कवी म्हणावे की संगीतकार, हे कोकणी साहित्याच्या इतिहासकारांनाही वेगळे करता येऊ नये. म्हणूनच येथे साहित्य बाहेरून आणावे लागत नाही. शब्द काढून घेतले तरी वाक्याचा डौल चालीत शिल्लक राहतो: एक विनंती, थोडे थांबणे, पुन्हा तीच विनंती किंचित खालच्या आवाजात. आमच्या स्नेह्यांना कोकणीचा एक शब्द येत नाही. ‘‘कोणी तरी कोणाचा निरोप घेत आहे,’’ एवढे त्यांनी ओळखले.

तरीही त्या वादनात एक दोष होता आणि तो मुलाच्या वडिलांनी दाखविला. मांडो दोन आवाजांत गातात. वरच्या चालीखाली तिसऱ्या स्वराच्या अंतराने दुसरा आवाज चालतो. मुलाने चाल ट्यूबावर घेतली होती आणि साथीच्या पियानोचा दुसरा आवाज सवयीने तिच्या खाली ठेवला होता. अतिमंद्रात इतके जवळचे दोन स्वर एकमेकांत कालवले जातात, चिखल होतो. वडिलांनी तो आवाज उचलून ट्यूबाच्या वर, सहाव्या अंतरावर नेला, व्हायोलिनला दिला. आणि एकाएकी ती निरोपाची गोष्ट दोन माणसांची झाली: खाली जाणारा, वर राहिलेली. हे गृहस्थ कोणत्याही विद्यापीठात गेलेले नाहीत. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत मेस्ताच्या छडीखाली सोलफेज शिकले, तेवढेच. गोव्यातल्या अशाच शाळांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीला तिचे वाद्यवृंद पुरविले. त्यांतलेच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभी करून राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालू पाहिला. तो प्रयोग फार टिकला नाही, आणि त्याची आठवण आपल्या समीक्षेने ठेवली नाही.

मुलाच्या वडिलांनी त्या रात्री आणखी एक वाक्य उच्चारले, तेही आपल्या मुलाला, आम्हांला नव्हे: ‘‘पयलीं स्वास पळय, मागीर सूर.’’ आधी श्वास बघ, मग सूर. आम्ही इतके दिवस जे ग्रंथांत शोधीत होतो त्याची किल्ली या वाक्यात होती.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ मध्ये प्रत्येक कलेचे माध्यम वेगळे मानले: संगीताचे माध्यम स्वर, साहित्याचे माध्यम भावनात्मक अर्थ. एकातले दुसऱ्यात ओतता येत नाही. पण दोहोंच्या रचनेमागे जे लयतत्त्व आहे, संवाद, विरोध आणि समतोल यांचे, ते एकच आहे असेही त्यांनी मांडले. मर्ढेकरांशी आमचे सर्वच बाबतींत पटते असे नाही. अर्थ आणि नाद इतके कापून वेगळे करता येतात असे कविता वाचताना आम्हांला कधी वाटलेले नाही. पण ट्यूबाच्या प्रश्नाला त्यांचा सिद्धान्त चपखल लागू पडतो. कवितेतले जे वाद्यावर जाऊ शकते ते तिचा विषय नव्हे, तिचे नाव नव्हे, तर तिचा श्वास: कोठे लांब, कोठे तोकडा, कोठे थांबा. आणि श्वास म्हणजेच ट्यूबाचा सगळा संसार! बी-फ्लॅट ट्यूबाची नळी उलगडली तर अठरा फूट भरते. ती वाऱ्याने भरावयाची. खालच्या सप्तकात मोठ्याने वाजविताना दहा सेकंदही एक दम पुरत नाही.

म्हणून आम्ही वृत्तांकडे गेलो. मोठ्या अभंगाची अक्षरे सहा, सहा, सहा आणि चार. प्रत्येक सहानंतर किंचित विसावा आणि शेवटच्या चारांत जणू उसना दम फेडलेला: ट्यूबासाठी हे सोयीचे आहे, फार सोयीचे आहे, इतके की ते लवकरच बँडच्या दोन स्वरांसारखे वाटू लागते. शार्दूलविक्रीडिताचा पहिला तुकडा बारा अक्षरांचा, अठरा मात्रांचा. मिनिटाला ऐंशी मात्रांच्या गतीने साडेतेरा सेकंद. मंगलाष्टकात ते खपते, कारण तेथे भटजींना कोणी खर्जात म्हणावयास सांगत नाही, आणि ट्यूबावाला तर त्या वेळी मांडवाबाहेर विडी ओढीत असतो. येथे दम निश्चित तुटतो.

मग मंदाक्रांता. सतरा अक्षरे, यती चवथ्यावर, दहाव्यावर आणि शेवटी. पहिली चारही अक्षरे गुरू, म्हणजे आठ मात्रा. नंतर पाच लघू आणि एक गुरू, सात मात्रा. नंतर सात अक्षरांच्या बारा मात्रा. त्याच ऐंशीच्या गतीने सहा सेकंद, सव्वापाच, आणि नऊ. चार जड पावले, मग एकदम पाच हलकी, मग एक लांब, हेलकावणारा उतार. कागदावर हा हिशेब मांडून आम्ही मुलापुढे ठेवला, तेव्हा त्याने काही न बोलता वाद्य उचलले आणि एकाच स्वरावर तो आकृतिबंध वाजवून दाखविला. एकच स्वर, आणि खोलीत काही तरी मोठे, ओले, हळूहळू सरकत असल्याचा भास झाला. कालिदासाने मेघदूतासाठी हे वृत्त का निवडले, याची चर्चा आम्ही पुष्कळ वाचली होती. ट्यूबाने ती चार स्वरांच्या लांबीत संपविली.

येथे मात्र आमच्यात वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मुलाचा विचार असा, की ट्यूबाने यक्षाची भूमिका घ्यावी: रामगिरीवर हद्दपार झालेला, घरापासून दूर, एका वर्षाची शिक्षा भोगणारा. त्याच्या वसाहतीत असे यक्ष घरोघर होते. आजोबा आफ्रिकेत, काका आखातात, वडील सिकंदराबादेत. आम्हांला ही भूमिका ओळखीची वाटते, पण ट्यूबाची वाटत नाही. यक्ष सारखा बोलतो. सबंध काव्य तोच बोलतो. वाट सांगतो, नद्या सांगतो, घराची खूण सांगतो, प्रियेला काय म्हणावे ते सांगतो. आणि मेघ? मेघ एक अक्षर बोलत नाही. कालिदासाच्या काव्यात ज्याला उद्देशून सर्व काही म्हटले जाते, तो शेवटपर्यंत गप्प असतो. त्याने होकार दिला की नाही हेही यक्ष स्वतःच त्याच्या शांततेवरून ठरवितो. काव्य संपते तेव्हा निरोप पोचलेला नसतो, मेघ जागचा हललेलासुद्धा नसतो. ज्या वाद्याने पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ इतरांचे गाणे खालून ऐकले, त्याला या काव्यात कोणती जागा शोभेल? आमच्या मते ट्यूबाने मेघ व्हावे, आणि काव्य जेथे थांबते तेथून सुरुवात करावी: सगळे ऐकून घेऊन निघालेला.

मराठीत या काव्याने किती हातांना ओढ लावली! चिंतामणराव देशमुखांनी ते उतरविले, कुसुमाग्रजांनी 1956 साली, पुढे शांता शेळक्यांनी. आणि कोकणी व मराठी या दोन्ही अंगणांत सारख्याच हक्काने वावरलेल्या बा. भ. बोरकरांनीही. आम्ही त्या मुलाला बोरकरांचे भाषांतर वाचावयास दिले आहे. मराठी तो अडखळत वाचतो, पण मोठ्याने वाचतो, आणि श्वास कोठे घेतला तेथे पेन्सिलीने खूण करतो. समीक्षकाने कवितेवर कराव्यात अशा याहून चांगल्या खुणा आम्ही पाहिलेल्या नाहीत. (रामटेकहून निघालेला मेघ उत्तरेस जातो, आमच्या हैदराबादेवरून जात नाही, अशी एक खंत आम्हांला शाळेत असल्यापासून आहे, पण ती कालिदासाच्या नावे नोंदवून उपयोग नाही.)

रचना आकार घेत आहे. चाल अशी नाही. चार-सहा-सातांचा सांगाडा, त्यावर मेघ रागाच्या स्वरांचा सावध वापर, आणि मधूनमधून निव्वळ श्वासाचा आवाज, नळीतून स्वराविना जाऊ दिलेला. मींड हा अवघड प्रश्न आहे. पडद्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, वाद्य स्वरावरून स्वरावर उडी मारते. ओठांनी आणि अर्धा दाबलेल्या व्हॉल्व्हने जी घसरण मिळते ती थोडी आणि खडबडीत. कोमल निषादावर येताना ती खरवड ऐकू येते. आमच्या मते ती राहू द्यावी. मेघ मल्हार गाणाऱ्या गवयाने ती सहन केली नसती, पण हा गवई नव्हे.

कार्यक्रम असा ठरतो आहे: आरंभी रोमान्झा, मंडळाची अट मोडून, मग मांडो, वर व्हायोलिन ठेवून, आणि शेवटी हा मेघ. कार्यपत्रिकेवर शेवटच्या रचनेचे नाव छापू नये असे आम्ही सुचविले आहे. आमचे ते तेलुगू स्नेही पुढच्या रांगेत बसणार आहेत. त्यांना काय ऐकू आले ते आधी विचारू, नाव मागाहून सांगू. मंडळाच्या चिटणीसांना हे पसंत नाही. नाव नसेल तर साहित्याशी संबंध कसा सिद्ध होणार, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते कागदोपत्री बिनतोड आहे.

मांड्यानंतर प्रथेप्रमाणे द्रुत लयीचे दुलपद यावे असा वडिलांचा आग्रह आहे. ताटातुटीनंतर लोकांना थोडे नाचू द्यावे, असे ते म्हणतात. मुलगा नको म्हणतो. त्याला मांड्यावरून थेट मेघावर जावयाचे आहे, मध्ये टाळी नको आहे. आम्ही दोघांचेही म्हणणे नोंदवून घेतले आहे.